उकंडरावचा भोंगा श्वास घेतो

भर उन्हाळ्याच्या दुपारी, पानही हलत नसताना, झाडाने श्वास घेतलेला तुम्ही कधी ऐकला आहे का?

वाऱ्याची सळसळ नव्हे, श्वासच. आत ओढलेला, क्षणभर अडलेला, मग सावकाश सोडलेला, आणि सोडताना शेवटाला एक बारीक शीळ. मानोऱ्याच्या अलीकडच्या एका गावाने (नाव सांगत नाही, उकंडरावची नातवंडं तिथे अजून नांदतात) चैत्रातल्या एका दुपारी तो ऐकला. ज्या कडुनिंबातून तो येत होता, तो उकंडरावच्याच दारातला होता. त्या निंबावर उकंडरावचा भोंगा बांधलेला होता. आणि उकंडराव स्वतः त्याच निंबाखालच्या पारावर, डोईखाली पागोटं घेऊन पडला होता.

पण श्वासाच्या आधी म्हशीचं सांगायला हवं.

ते दुसऱ्या निवडणुकीचं वर्ष होतं. उकंडरावने विचार केला, आता गावोगाव सभा होतील, सभेला भोंगा लागेल, आणि भोंगेवाल्याला लोक खुर्ची देतील. त्याच सुमाराला नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा धरमसिंग परत आला होता. धरमसिंगने उभी जवानी तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवण्यात घालवली होती. आता त्याला शेती करायची होती. मालकाने निरोप देताना त्याला जुना भोंगा, माईक आणि आवाजाचं मशीन देऊन टाकलं होतं. धरमसिंगला म्हैस हवी होती. उकंडरावला मशीन हवं होतं. संक्रांतीच्या दिवशी म्हैस तांड्यावर गेली आणि मशीन उकंडरावच्या माजघरात आलं.

बायकोला, म्हणजे सोजरबाईला, उकंडरावने विचारलं नव्हतं. (विचारलं तर ती नाही म्हणेल, असा त्याचा अंदाज होता. त्या वर्षी त्याचा खरा ठरलेला अंदाज तेवढा एकच.)

म्हैस साधी नव्हती. उकंडरावची आई रामीबाई लग्न होऊन आली तेव्हा जी म्हैस तिच्यामागून चालत आली होती, तिची ही नात. रामीबाईची आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून हे पोर झाल्यावर तिने त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, म्हणजे देवाची नजर पडू नये. त्यावरून नाव उकंडा. त्याला याच म्हशीच्या आजीच्या दुधावर वाढवलं. मरताना तिने लेकाला आणि सुनेला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "म्हैस दुसऱ्याच्या दावनीले बांधू नको." हे ऐकायला तिसरं कोणी नव्हतं.

आणि सोजरबाईची धार काढायची एक रीत होती. ती म्हशीशी बोलायची. दिवसभराचं सगळं, सुखाचं, दुःखाचं, अगदी हळू, आणि तेव्हा तिला बाहेरचं काही ऐकू येत नसे. तिचा आवाज मुळातच असा, की शेजारी बसलेल्यालाही दोनदा विचारावं लागे. म्हैस मात्र कान मागे करून ऐकायची आणि मगच पान्हा सोडायची.

उकंडरावचं उलट. त्याने शेतात आपल्या बैलाला "हो" म्हटलं की शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे. घरातही तो तसाच बोलायचा. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊन बायकोचा आवाज नेमका कसा आहे, हे त्याला फारसं माहीत नव्हतं.

संक्रांतीला, सगळं गाव गोड बोला म्हणत असताना, सोजरबाईने नवऱ्याशी बोलणं बंद केलं. जे सांगायचं ते ती भिंतीला सांगे. "भिताडा, कोनाले भूक लागली असन तं ताट वाढलं हाय." उकंडराव भिंतीकडे बघून जेवायचा.

निवडणूक आली आणि गेली. उमेदवार जीपगाड्यांतून आले, आपापले भोंगे घेऊन. एकाने उकंडरावकडे पाणी मागितलं, एवढंच काम त्याला मिळालं.

आणि आता सोजरबाईचा भाऊ पुंजाजी केनवडहून गाडी घेऊन आला होता. तिला माहेरी न्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. परत कधी येणार, हे तिने भिंतीलाही सांगितलं नव्हतं. उकंडराव दोन दिवस त्या ट्रंकेभोवती फिरत होता. 'नको जाऊ' हे दोन शब्द त्याच्या तोंडात येत आणि जिभेवरून परत फिरत. मोठ्याने म्हणावं तर भांडण वाटलं असतं, आणि हळू म्हणायची त्याला सवय नव्हती.

त्या संध्याकाळी पारावर पोथी लागायची होती आणि वाचणार होते नानाजी, गावातले सगळ्यांत म्हातारे. नानाजींचा आवाज म्हणजे शेवईचा धागा. भोंग्याशिवाय तो पहिल्या रांगेच्या पुढे गेला नसता. अखेर भोंग्याला काम मिळालं होतं.

मशीन देताना धरमसिंगने त्यातला एक पत्र्याचा डबा दाखवला होता. त्याला तो लिमटर म्हणायचा.

"दादा, तंबूत कायी सिनेमात मानसं ओरडत, कायीत कुजबुजत. ओरडलं का भोंग्याचा पडदा फाटे. कुजबुजलं का मांगचे लोक शिव्या देत. मंग हा डबा बसवला. हा मोठ्याले दाबते अन् लहान्याले उचलते. हे बटन जितकं पिळसान, तितकं त्याचं काम वाढन. पन पुरं पिळू नका. पुरं पिळलं अन् कोनी ओरडलं, तं हा असा दाबते का सारं चूप. उठाले लय वेळ घेते मंग. अन् एकदा उठला, का मुंगी चालली तरी ऐकते."

उकंडरावने मान हलवली होती. (तो मान हलवायचा तेव्हा ऐकत नसायचा. हे सोजरबाईला माहीत होतं, धरमसिंगला नव्हतं.)

तर त्या दुपारी उकंडरावने नानाजींच्या शेवईचा विचार करून बटण पिळलं. पुरं पिळलं. हा एवढाच त्याचा निर्णय. पुढचं सगळं मशीनने केलं.

माईक माजघरात होता, गोठ्याकडच्या कुडाच्या भिंतीला लागून. भोंगा बाहेर निंबावर, तोंड नाल्याकडे, म्हणजे तांड्याच्या दिशेने. उकंडरावने माईकसमोर उभं राहून, शेतात म्हणावं तसं म्हटलं, "हॅलो."

बाहेर "हॅ" एवढंच उमटलं आणि गळा दाबल्यासारखं थांबलं.

"हॅलो."

काही नाही. त्याने आणखी ओरडून पाहिलं. मशीन जास्तच गप्प.

"हेही रुसलं," उकंडराव म्हणाला. बॅटरी मेली, असं त्याने ठरवलं. मेलेल्याला बंद काय करायचं, म्हणून ते तसंच सोडून तो, बॅटरी भरून आणायला मानोऱ्याला कोण जातं ते बघायला बाहेर पडला. उन्हात कोणीच जात नव्हतं. मग तो पारावर आडवा झाला.

आधी कुत्रं उठलं. पाराच्या सावलीत रोज पडून राहणारं गावातलं म्हातारं कुत्रं. त्याने वर बघितलं, शेपूट पायांत घातलं आणि ते उन्हात निघून गेलं. जाताना एकदाही मागे पाहिलं नाही. मग फांदीवरचे कावळे उठले, न ओरडता. सगळीकडे ऊन तापलेलं, रस्त्यावर माणूस नाही, आणि ती सगळी शांतता हळूहळू वरच्या बाजूने भरत चालल्यासारखी. विहिरीत डोकावल्यावर जसे आपले कान भरून येतात, तसं.

मग झाडाने श्वास घेतला.

उकंडराव डोळे मिटून पडून राहिला. त्याला वाटलं आपणच घोरतोय. त्याने आपला श्वास रोखला. झाडाने मात्र सोडला. शेवटाला शीळ घालून.

समोरून शेजारीण कस्तुराबाई शेणाचं टोपलं घेऊन येत होती. ती जागीच थांबली.

"उकंडभाऊ, तुमी हो?"

"नाही."

"मंग कोन?"

उकंडरावने वर बोट केलं. कस्तुराबाईचं टोपलं खाली पडलं.

थोड्या वेळात पाराभोवती गाव जमलं. आधी सगळे एकदम बोलू लागले. पोरं, बाया, म्हातारे, एकच गलका. गलका झाला तसा श्वास थांबला. "गेलं, गेलं," लोक म्हणाले आणि हळूहळू गप्प झाले. गप्प झाले, तसा अगदी लांबून, जमिनीखालून आल्यासारखा, तो परत आला. वाढत वाढत झाडभर झाला.

कोणीतरी ओरडलं. थांबला. सगळे चूप झाले. आला.

नानाजींनी काठी टेकली. "याले ऐकू येते," ते म्हणाले.

(वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. उकंडराव बाहेर पडल्यावर पुंजाजी जेवून माजघरात गारव्याला येऊन झोपला होता, आणि त्याच्या उशाशी लिमटर जागा झाला होता. पण झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला हे इतक्या सहज सुचत नाही.)

"उकंडा, तुही मशीन चालू हाय का?" नानाजींनी विचारलं.

"मशीन मेली. मी सोता पाह्यली. बॅटरी खलास."

"म्हंजे मेलेल्यातूनच येऊन राह्यलं," नानाजी म्हणाले, आणि हे कोणालाच आवडलं नाही.

ऊन कलेपर्यंत गाव तिथे उभं होतं. जायची हिंमत नव्हती, कारण जाताना पाठ करावी लागली असती. मग एकाएकी श्वास बंद पडला. झाडात काहीतरी करकरलं. धप्, धप्, अशी जड पावलं फांद्यांमधून चालत गेली. एक घसा खाकरला. आणि कोणीतरी थुंकलं.

सगळ्यांनी एक पाऊल मागे घेऊन आपापले कपडे पाहिले.

पुढे बराच वेळ नुसती शांतता. धारेची वेळ झाली. घराघरांतून गुरं हंबरू लागली, पण धारेला बसायला कोणी घरात नव्हतं. आणि मग निंबातून बांगड्या वाजल्या. दोनच, काचेच्या, एकमेकींवर आपटल्यासारख्या.

"बस माय. बस. आली मी."

बाईचा आवाज होता. इतका जवळचा, की प्रत्येकाला वाटलं आपल्या मानेमागूनच बोलली. पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा, दमलेला, आणि रागाचा लवलेश नसलेला. रागावलेल्या भुताला माणूस हात जोडतो. न रागावलेल्याला काय करायचं?

"तुही जागा तशीच हाय. कोनी बसत नाही तिथं."

नानाजींनी पागोटं सारखं केलं. त्यांची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली होती. "वळखीचा वाटते," ते पुटपुटले आणि एका पोराच्या मागे उभे राहिले.

"मरतेवेळी सांगतलं होतं त्याले. ऐकलं नाही त्यानं."

उकंडरावने बोटांवर मोजलं. ते सांगणं ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. मरणारी होती, तो होता, आणि सोजरबाई होती. सोजरबाई तर देवळात पोथीच्या प्रसादाचे गहू निवडायला गेलेली. म्हणजे उरलं कोण?

"माय होय," तो म्हणाला. "माही माय आली भोंग्यात."

"तुही माय, तुहा भोंगा," नानाजी लगेच म्हणाले. "इचार तिले काय पाह्यजे."

उकंडराव पुढे झाला. छाती भरून घेतली. "माय, काय पाह्यजे तुले?"

नाल्याकडची गुरं थबकली. भोंगा एकदम गप्प झाला.

"असा काहून ओरडतं बे," नानाजी म्हणाले. "मेलेल्या मानसाले ओरडनं सोसत नाही. हळू इचार."

उकंडरावने जन्मात पहिल्यांदा हळू बोलायचा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला बैल खोकल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या खेपेला नुसती हवा. लोकांनी त्याच्यासाठी श्वास रोखून धरला, आणि त्या शांततेत भोंगा परत उघडला.

"आता सकाळी मीबी निंगतो. मंग थो एकटा. जेवन कोन देईन त्याले? त्याले तं घरात मीठ कुठं हाय थेही ठावं नाही."

गावाने उकंडरावकडे पाहिलं.

"कुठं हाय?" नानाजींनी हळूच विचारलं.

उकंडरावने आठवून पाहिलं. आठवेना.

"रात्री भेते थो. मांजर उडी मारली तरी माहा हात धरते. लोकाईत मोठ्यानं बोलते, थे भेवापोटीच."

कस्तुराबाईने पदर तोंडाला लावला. आता तिला आवाज कळला होता. (ती नंतर म्हणाली, मला सांगायचं होतं, पण भुताच्या बोलण्यात मधात बोलू नये म्हणून थांबले. तिचे खांदे मात्र हलत होते.)

"मी बोलत नाही, कबूल. पन थोई तं एकदा 'राह' म्हनत नाही."

यानंतर भोंग्यातून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज आला. सगळं झाड हुंदका गिळत होतं. बायांनी डोळे पुसले. नानाजी म्हणाले, "रामीबाईले मुक्ती नाही भेटली. जाय, घरातून मीठ-मिरची आन. ओवाळून टाकू. जाय लवकर."

उकंडराव घरात शिरला. उन्हातून आलेल्या डोळ्यांना माजघरात काहीच दिसेना. फक्त समोर, भिंतीपाशी, लालसर दोन ठिपके. जळत नव्हते, विझत नव्हते. त्याच्याकडे बघत होते. (मशीनमधल्या काचेच्या दिव्यांना तापल्यावर तसाच रंग येतो. मेलेलं मशीन तापत नाही, हा विचार त्याला त्या वेळी आला नाही.) त्याने त्या डोळ्यांकडे पाठ केली नाही. भिंतीला चिकटून, एकेक मडकं चाचपत, तो स्वतःलाच धीर देत पुटपुटू लागला.

"मीठ... मीठ..."

"मीठ... मीठ..." बाहेर झाड म्हणालं.

तो थांबला. झाडही थांबलं.

"कुठं हाय..." तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"कुठं हाय..." बाहेरून आलं. त्याचाच आवाज, पण प्रचंड आणि म्हातारा. जणू कोणीतरी त्याला झाडावर ठेवून दिलं होतं आणि इथे चाचपडत होती ती नुसती सावली.

तेवढ्यात कुडापलीकडून, गोठ्याच्या बाजूने, रोजचे शब्द आले. "भिताडा, कोनाले मीठ पाह्यजे असन तं चुलीमांगच्या कोनाड्यात हाय."

बायको घरात आहे, एवढंच उकंडरावला कळलं. ती मागच्या दाराने कधी आली, गोठ्यात काय करते, हे विचारायला त्याच्यात जीव नव्हता. त्याने कुडाला दोन्ही हात लावले. आणि ओरडायला आवाजच उरला नव्हता, म्हणून तो हळू बोलला.

"सोजर, माय आली हाय भोंग्यात."

"भिताडा, माहं कोनाशी बोलनं नाही."

"भिताडा," उकंडराव निमूटपणे भिंतीला म्हणाला, "तिले सांग, माय आली हाय. म्हशीचं इचारून राह्यली."

कुडापलीकडे बांगड्या वाजल्या.

"भिताडा, तिले सांग, मी तिले इचाराले पाह्यजे होतं. चुकलं माहं. मशीन नाही पाह्यजे मले. खुर्चीही नाही पाह्यजे. म्हैस आनतो परत."

"भिताडा," पलीकडून आलं, "त्याले इचार, म्हशीसाठी म्हनून राह्यला का मायच्या भेवानं."

उकंडरावने विचार केला. खोटं बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागतं. हळू आवाजात ते त्याला जमेना.

"तिले सांग," तो म्हणाला, "तिच्या ट्रंकेच्या भेवानं. दोन दिस झाले, मी त्या ट्रंकेभोवतीच फिरून राह्यलो. रात्री मांजर उडी मारते तवा..."

"माईत हाय मले."

"जाऊ नको, सोजर. राह."

कूड छपरापर्यंत पोचत नव्हता. वरच्या फटीतून बांगड्यांचा हात इकडे आला. उकंडरावने तो घट्ट धरला. आणि तेव्हा त्या दोघांनाही ऐकू आलं, की बाहेर निंबात एक पुरुष नुकताच "राह" म्हणाला आहे, आणि त्याच्या हाताशी बांगड्या वाजताहेत.

"ऐकलं?" उकंडराव म्हणाला. "माय माह्यामांगून बोलून राह्यली."

सोजरबाईने हात सोडवून घेतला. म्हशीच्या रिकाम्या दावणीपासून उठून ती गोठ्यातून वळसा घालून माजघरात आली. लाल ठिपक्यांकडे गेली. उकंडरावने तिचा पदर धरून ठेवला, आधी तिला अडवायला, मग तिच्यामागे जायला. तिने माईकवर नख वाजवलं. टक. बाहेर नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. ती क्षणभर माईककडे बघत राहिली. मग वाकली, आणि म्हशीशी बोलावं तितक्या हळू म्हणाली,

"नानाजी, मीठ पाह्यजे का?"

"नको," बाहेरून सगळं गाव एका तोंडाने म्हणालं.

उकंडरावला एकेक करून सगळं उमगलं. आधी श्वास, मग थुंकणं, मग मीठ, मग मांजर. शेवटी, स्वतः काय काय बोललो ते. "बंद कर थे," तो ओरडला, आणि लिमटरने मोठ्या आज्ञाधारकपणे त्याचं ओरडणं तेवढं दाबून टाकलं.

झोपेतून उठून मागच्या दाराने गेलेला पुंजाजी बैलांना नाल्यावर पाणी पाजून परत आला होता. त्याने तर भिताडापासूनचं सगळं ऐकलं.  उंबऱ्याशी येऊन बहिणीला एवढंच म्हणाला, "ट्रंक गाडीत ठेवू का माजघरात?"

"भिताडाले इचार," सोजरबाई म्हणाली. पण हसून म्हणाली, तेव्हा त्याने ती माजघरात ठेवली.

दिवे लागल्यावर पोथी बसली. नानाजींचा धागा भोंग्यातून असा निघाला, की शेवटच्या माणसाला त्यांच्या जिभेवरची सुपारी ऐकू आली. गावातलं कोणीही उकंडरावला काही म्हणालं नाही. हेच जास्त भयंकर होतं. प्रसाद वाढताना मात्र जो येई तो त्याच्या कानाशी वाकून, अगदी हळू विचारी, "मीठ बरोबर हाय का?" प्रसाद शिऱ्याचा होता.

प्रसाद संपत असताना तांड्यावरून धरमसिंग आला. तो नानाजींच्या पाया पडला, सोजरबाईला रामराम केला आणि मग उकंडरावसमोर येऊन बसला.

"दादा, एक सांगाचं होतं. म्हैस तुमची संक्रांतीपासून पान्हा चोरून राह्यली. माही बायको ललिता तिच्यापुढं गाते, सरकी चारते, पाया पडते. वाटीभर दूध देते अन् तोंड फिरवते. आज धारेले बसली, अन् तुमच्या भोंग्यातून वहिनीचा आवाज आला, नाल्यापल्याड. 'बस माय, आली मी.' म्हशीनं कान मांगं केले. तुमाले सांगतो, चरवी भरून वर फेस आला."

सोजरबाईने तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

"पाह्य," उकंडराव गावाकडे बघून म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला बोलण्यासारखं काही सापडलं होतं. "भोंगा कामाचा निंगाला का नाही. मंग? पुरी भरली चरवी?"

धरमसिंग जरा घुटमळला.

"भरली होती, दादा. मंग मधात तुमचा आवाज आला. 'सोजर, माय आली हाय.' तसं तुमी हळूच बोलले होते, अन् मशीन तं सगळ्याईले सारखं करते. पन म्हशीले फरक समजला. तिनं अशी लाथ हानली का ललिता तिकडं अन् चरवी इकडं." त्याने हात जोडले. "तुमची मशीन मी घेऊन जातो. म्हैस तुमी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजीच्या गाडीतून मशीन तांड्यावर गेलं आणि येताना म्हैस गाडीमागे चालत घरी आली. सोजरबाई गाडीत मागच्या बाजूला बसून वाटभर तिच्याशी बोलत होती, आणि म्हैस पुन्हा बिथरू नये म्हणून उकंडरावला गाडीच्या बऱ्याच पुढे, तोंड मिटून चालावं लागलं.